चर्चेचं गुऱ्हाळ: जाणकार माणसं क्षुल्लक मुद्द्यावर का अडकतात?

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. ॲंड्रॉइडचे फोन आणि इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर तिच्याच गाभ्यावर चालतात. हा गाभा तीस वर्षं मुख्यतः 'सी' या प्रोग्रॅम लिहायच्या भाषेत लिहिला गेला. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ६.१ या आवृत्तीपासून त्यात 'रस्ट' या नव्या भाषेला जागा मिळाली. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, ते काम पाहणाऱ्या प्रमुखांपैकी एकानं काम सोडलं. तंत्राशी संबंध नसलेल्या निरर्थक बोलण्याला उत्तरं देत बसण्याचा उत्साह आता उरलेला नाही, असं त्यानं सहकाऱ्यांना कळवलं.

बाहेरच्या माणसाला हे कोडंच वाटतं. राजकारणात, साहित्यसंमेलनात वाद होणार हे आपण धरूनच चालतो. पण इथं तर सगळा हिशेबाचा मामला. प्रोग्रॅम चालतो किंवा चालत नाही. मग महिनोन्‌महिने भांडण्यासारखं त्यात असतं काय?

बहुतेक वेळा भांडण प्रोग्रॅमवर नसतंच. सुरुवात एका साध्या प्रश्नानं होते, बोलता बोलता तो प्रश्न बदलतो, आणि 'अहो, प्रश्न बदलला' हे सांगणं कुणाचंच काम नसतं.

### अणुभट्टी अडीच मिनिटांत, सायकली पाऊण तास

१९५७ साली सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकारानं एका काल्पनिक अर्थसमितीची बैठक रंगवली. समितीपुढे एक कोटी पौंडांची अणुभट्टी आहे, कारकुनांच्या सायकलींसाठी एक शेड आहे आणि बैठकीतल्या चहापाण्याचा खर्च आहे. भट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते. शेडला पाऊण तास लागतो. चहापाण्यावर सव्वा तास चर्चा होते, शिवाय अधिक माहिती मागवून विषय पुढच्या बैठकीवर जातो.

भट्टीतलं बहुतेकांना काही कळत नाही, आणि ज्याला थोडंफार कळतं त्याला बाकीच्यांना समजवायला सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. म्हणून सगळे गप्प. शेड मात्र डोळ्यांसमोर उभी राहते. तिच्या छपराला पत्रा कुठला घालावा यावर प्रत्येकाला मत असतं, आणि ते मांडलं की आपणही बैठकीत काहीतरी केलं असं वाटतं. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल 'वाचला असे समजण्यात यावे' म्हणून पुढे सरकतो आणि गेटच्या रंगावर रात्रीचे साडेदहा होतात.

### अर्ध्या सेकंदाची झोप

पार्किन्सनची ही शेड संगणकाच्या जगात आली १९९९ च्या ऑक्टोबरात. फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच, जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून बांधलेली प्रणाली. तिच्यात 'स्लीप' नावाची एक साधी आज्ञा आहे: सांगाल तितके सेकंद थांबायचं, मग पुढचं काम. ही आज्ञा तोवर फक्त पूर्ण आकडे घेत असे. तिला अर्धा सेकंदही चालावा, असा प्रस्ताव आला. बदल मोजक्या ओळींचा. त्यावर इतका काथ्याकूट झाला की पोल-हेनिंग काम्प या डॅनिश प्रोग्रॅमरनं सहकाऱ्यांना एक लांब पत्र लिहिलं. बदल जितका सोपा तितका त्यावर गोंगाट जास्त, हा त्याचा मुद्दा. तो पटवायला त्यानं पार्किन्सनची शेड पुढे केली. प्रत्येकाला आपला हात लागल्याचं दाखवायचं असतं, डेन्मार्कमध्ये याला बोटाचा ठसा उमटवणं म्हणतात, असंही त्यात होतं.

तेव्हापासून प्रोग्रॅमर मंडळी अशा वादाला 'बाइकशेडिंग' म्हणतात, आणि 'शेडला रंग कुठला द्यायचा?' हा टोमणा होऊन बसला आहे. (पार्किन्सनची समिती भांडली होती छपराच्या पत्र्यावर. रंग आला तो या पत्रातून.)

### मुद्दा घसरतो कसा

एक बेतलेलं उदाहरण घेऊ. एका सॉफ्टवेअरचं मराठीकरण करायचं आहे. मूळ प्रोग्रॅम वाक्यात रिकामी जागा सोडतो आणि तिथं नाव टाकतो. मराठीत इथंच घोळ होतो. 'पुणे' हे नाव रिकाम्या जागेत आलं आणि पुढे 'मध्ये' ठरलेलं असलं की पडद्यावर 'पुणेमध्ये' उमटतं, कारण नावाचं सामान्यरूप करायचं असतं हे प्रोग्रॅमला ठाऊक नाही. 'सापडले' हे क्रियापद ठोकून बसवलं तर 'फाइल सापडले', 'फोल्डर सापडले' असं काहीही होतं. लिंग बदललं की क्रियापद बदलावं लागतं, संख्या बदलली की पुन्हा बदलावं लागतं. हा खरा अवघड प्रश्न. ही अणुभट्टी.

प्रस्ताव मांडणारा सगळं व्यवस्थित लिहितो आणि शेवटच्या ओळीत जोडतो, 'शिवाय मेनूत फाइल म्हणायचं की धारिका, तेही ठरवू.' तिथंच शेड उभी राहिली.

पहिलं उत्तर शेवटच्या ओळीवर येतं: फाइलच ठेवा, धारिका कुणाला कळणार? दुसरं येतं: संचिका का नको? इथवर प्रश्न निदान मूळ कागदावरचाच आहे. तिसऱ्या-चौथ्या उत्तरात तो तत्त्वाचा होतो: असंच करत गेलो तर मराठी शिल्लक राहील का? मग व्याख्या येतात. मराठी शब्द म्हणजे कुठला? 'कागद'सुद्धा फारसीतून आलाय, 'मेज'सुद्धा, त्यांचं काय करणार? हा प्रश्न रोचक आहे, त्यावर दिवाळी अंकात चांगला लेख होईल, पण त्याच्या उत्तरावर मेनूतलं काहीच अवलंबून नाही.

पुढची पायरी शब्दाला शब्दाची. समोरच्याचं प्रत्येक वाक्य उचलायचं आणि खाली उत्तर लिहायचं. दिसायला हे अगदी प्रामाणिक वाटतं, कारण काही सोडलेलं नसतं. पण एका उत्तरात ४ दावे असतील आणि प्रत्येकावर २ नवे दावे येत गेले, तर पाच फेऱ्यांत त्यांचे १२८ होतात. तेवढं वाचायला कुणाला सवड नसते. ज्यांना सवड असते तेच उरतात, आणि सवड असणं ही विषयातली पात्रता नव्हे. जाणकार सहसा या टप्प्यावर निघून जातात.

त्यानंतर हेतू. 'तुम्ही स्वतः एकही ओळ भाषांतरित केलेली नाही', 'पुण्याची मराठी सगळ्यांवर लादताय'. आणि अखेर चर्चेवर चर्चा: असल्या भाषेत इथं लिहावं का, सुरुवात कुणी केली, माफी कुणी मागायची. 'पुणेमध्ये'चं काय झालं? त्यावर एकही उत्तर आलेलं नाही. खऱ्या गुऱ्हाळातून निदान गूळ तरी निघतो.

या पायऱ्यांमध्ये प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाला दिलेलं रास्त उत्तर असतं, हे ध्यानात घ्या. विषय बदलायचा असं कुणीच ठरवलेलं नसतं.

### लिहून बोलताना जास्त का बिघडतं

समोरासमोर बसलेल्या दहा जणांपैकी आठांनी मान डोलावली की बोलणाऱ्याला कळतं, पुरे आता. लेखी चर्चेत मान डोलावणं दिसत नाही. सहमत असलेला माणूस वाचतो आणि आपल्या कामाला लागतो. लिहितो तो असहमत. त्यामुळे नुसती उत्तरं मोजली तर सगळं गाव विरोधात आहे असं वाटतं. प्रस्ताव मांडणारा घाबरून प्रत्येकाला उत्तर देत सुटतो आणि आगीत तेल पडतं.

स्वरही हरवतो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं की ईमेलमधला उपरोध समोरच्याला नक्की कळेल अशी लिहिणाऱ्याला खात्री असते, पण वाचणाऱ्यांचा अंदाज नाणेफेकीपेक्षा फारसा बरा नसतो. लिहिताना आपला आवाज आपल्याला ऐकू येतो, वाचणाऱ्याला येत नाही. यात जगभरच्या वेळा मिसळा. पुण्यात रात्री लिहिलेल्या ओळीवर कॅलिफोर्नियात दिवसभर चर्चा होते. सकाळी उठून 'मला तसं म्हणायचं नव्हतं' लिहीपर्यंत तीस उत्तरं पडलेली असतात.

### दोन्ही बाजू बरोबर असल्या तर?

आपण लिहितो २४. म्हणजे दशक आधी, एकक नंतर. म्हणतो मात्र चोवीस: चार आधी, वीस नंतर. इंग्रजीत बोलतानाही वीस आधी येतात. यातलं योग्य काय? प्रश्नच फिजूल आहे. पण एकानं आकडे उजवीकडून सांगितले आणि दुसऱ्यानं डावीकडून लिहून घेतले, तर २४ चे ४२ होतील.

संगणकाच्या स्मृतीत मोठी संख्या तुकड्या-तुकड्यांनी ठेवतात, आणि मोठा तुकडा आधी की लहान, यावर १९७० च्या दशकात दोन तट पडले होते. १ एप्रिल १९८० या मुद्दाम निवडलेल्या तारखेला डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञानं त्यावर एक टिपण लिहिलं. गलिव्हरच्या प्रवासकथेत अंडं कुठल्या टोकानं फोडावं यावरून लढाया होतात; तिथली नावं उचलून त्यानं दोन्ही पक्षांना 'बिग-एन्डियन' आणि 'लिट्ल-एन्डियन' म्हटलं. ती नावं आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. त्याचं म्हणणं असं की कुठला क्रम निवडला यापेक्षा सगळ्यांनी एकच निवडला याला महत्त्व आहे. पुढे इंटरनेटच्या मूळ नियमांनी मोठा तुकडा आधी धरला, इंटेलच्या चिप लहान तुकडा आधी ठेवत राहिल्या, आणि मधे उलटापालट करणारे दोन-चार ओळींचे प्रोग्रॅम आले. जग चालू आहे.

अशा प्रश्नावर पुरावे गोळा करणं व्यर्थ असतं, कारण दोन्हीकडे तितकेच पुरावे सापडतात.

### 'माणसं उद्धट असतात, हेच खरं कारण नाही का?'

उद्धटपणा असतो, आणि त्यानं माणसं कायमची निघून जातात. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २०१८ च्या सप्टेंबरात आपल्या तिखट भाषेबद्दल जाहीर माफी मागून काही आठवडे रजा घेतली होती. पण भाषा गोड केली तरी शेडचा वाद थांबत नाही. अतिशय सभ्य शब्दांत, 'माझ्या नम्र मते' म्हणत, लोक महिनाभर धारिका-संचिका करू शकतात. आचारसंहिता हेतूवरच्या हल्ल्यांना आळा घालते. त्याआधीच्या पायऱ्यांना तिचा काही उपाय नाही.

### 'मग मतदान घेऊन टाका की!'

डेबियन या लिनक्सच्या एका मोठ्या आवृत्तीत ते करून पाहिलं आहे. संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा कुठल्या क्रमानं उठवायच्या ते ठरवणारा प्रोग्रॅम कुठला घ्यायचा, 'सिस्टमडी' की 'अपस्टार्ट', हा वाद होता. २०१४ च्या फेब्रुवारीत आठ जणांच्या तांत्रिक समितीत मतं ४-४ अशी फुटली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टमडी जिंकला. वाद मिटला नाही. नोव्हेंबरात सगळ्या सभासदांचं मतदान झालं, आणि जिंकलेला पर्याय होता: या विषयावर सर्वसाधारण ठरावाची गरज नाही! त्याच महिन्यात काहींनी 'देव्हुआन' नावाची वेगळी चूल मांडली.

मतदानात संख्या कळते, आक्षेपाचं वजन कळत नाही. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ ही संस्था म्हणूनच औपचारिक मतदान घेत नाही. बैठकीत कल पाहायचा असेल तर लोकांना चक्क गुणगुणायला सांगतात. २०१४ च्या तिच्या एका दस्तऐवजात असं म्हटलंय की १०० जण बाजूनं आणि ५ विरुद्ध असले तरी ती सहमती नसू शकते. आणि ५ बाजूनं, १०० विरुद्ध असूनही सहमती असू शकते. वाचायला विक्षिप्त वाटतं. पण त्या पाच जणांनी दाखवलेला दोष खरा असेल आणि त्याला कुणी उत्तर दिलं नसेल, तर शंभरांच्या होकारानं तो दोष जात नाही. उलट, शंभर जण नुसतं 'नको' म्हणायला आले आणि त्यांच्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर देऊन झालं असेल, तर मोजण्यासारखं काही राहत नाही. म्हणून प्रश्न विचारायची रीतही वेगळी: 'कुणाला आवडलं?' असं न विचारता 'कुणाला हे मुळीच चालणार नाही, आणि का?' असं विचारायचं.

### 'शेवटचा शब्द एका माणसाकडे दिला तर?'

पुष्कळ काळ निभतं. पायथन भाषेत गिडो व्हॅन रॉसम यांचा शब्द अखेरचा असे. त्यांची थट्टेतली पदवीच 'तहहयात दयाळू हुकूमशहा' होती. २०१८ मध्ये ':=' या चिन्हावर वाद पेटला. मोजणी करता करताच उत्तराला नाव देण्याची ही एक सोय, आडवं पाहिलं तर वॉलरसच्या सुळ्यांसारखी दिसणारी. त्यांनी ती मंजूर केली आणि १२ जुलै २०१८ ला पद सोडलं. एका प्रस्तावासाठी इतकं झगडायचं आणि इतक्या जणांचा राग ओढवून घ्यायचा, हे पुन्हा नको, असा त्यांचा सूर होता. पुढच्या वर्षी पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ कारभार पाहू लागलं. चिन्ह ऑक्टोबर २०१९ च्या ३.८ आवृत्तीत आलं आणि लोक ते निमूट वापरतात.

### मग करायचं काय?

सगळ्यात स्वस्त उपाय सुरुवातीलाच असतो. प्रस्तावाच्या डोक्यावर पाच गोष्टी लिहायच्या: प्रश्न एका वाक्यात, काय आधीच ठरलंय, काय या वेळी ठरवायचं नाही, निर्णय कोण घेणार, कुठल्या तारखेला. वरच्या उदाहरणात 'धारिका की फाइल हे या वेळी ठरवायचं नाही' एवढी एक ओळ पुरली असती. शेड आणि भट्टी एका पत्रात कधीच टाकू नका.

तारखेला नियम जोडावा लागतो. अपाचे या सॉफ्टवेअर संस्थेत मौन म्हणजे संमती धरतात, पण त्यासाठी किमान ७२ तास थांबतात. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या, इतर कामांत गुंतलेल्या माणसालाही वाचायला मिळावं म्हणून. तिथं कोडमधला बदल एका नकारानंही अडवता येतो, मात्र त्यासोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसेल तर तो नकार धरत नाहीत. 'मला आवडत नाही' म्हणायला बंदी नाही, पण त्यानं काम अडत नाही.

'हे फार मंद चालेल' असा आक्षेप आला की त्यावर वाद घालू नका, मोजा. कुठली माहिती दिल्यावर मंद, कुठल्या यंत्रावर, किती मिलिसेकंद? जुना आणि नवा प्रोग्रॅम त्याच यंत्रावर, त्याच माहितीवर ११-११ वेळा चालवा. पहिली वेळ सोडून द्या, कारण तेव्हा माहिती डिस्कवरून यायची असते आणि नंतर ती स्मृतीत तयार असते. उरलेल्या दहांमधली मधली किंमत घ्या; सरासरी घेतली तर एखादी अडखळलेली वेळ सगळा आकडा बिघडवते. आकडा आला की निम्म्या लोकांचा रस संपतो. यात मोजणारा आक्षेप घेणाराच असेल तर उत्तम.

चर्चा घसरलीच असेल तर? मध्ये पडून 'मुद्द्यावर या' म्हणण्यानं फारसं होत नाही, ते आणखी एक उत्तर ठरतं. त्याऐवजी एकानं सारांश लिहावा, शक्य तर विरोधी बाजूच्या माणसानं. सारांशात प्रत्येक आक्षेप असा मांडायचा की आक्षेप घेणारा म्हणेल, 'हो, मला हेच म्हणायचं होतं.' समोर लिहायचं: उत्तर मिळालं, मान्य केलं, किंवा विचार केला पण स्वीकारलं नाही, याचं कारण अमुक. मग जुना धागा बंद, नवा सुरू, त्यात फक्त उरलेले आक्षेप. सारांश कधी लिहायचा याची सोपी खूण: एकाच माणसाचं तिसरं उत्तर आलं आणि त्यात नवी माहिती नाही, की वेळ झाली.

### 'पण अशा नियमांनी खरा विरोध दडपला जाईल'

जाऊ शकतो. 'हा तर शेडचा वाद' हे वाक्य आता गप्प बसवायचं हत्यारही झालंय. स्वतःला भट्टी कळते असं समजणारा माणूस दुसऱ्याच्या प्रश्नाला शेड म्हणून मोकळा होतो. धारिका-फाइलचा प्रश्न भाषांतरकाराला छोटा, पण पहिल्यांदा संगणक हातात घेणाऱ्या तालुक्याच्या कारकुनाला तो मेनू रोज वाचायचा असतो. म्हणून शेड ठरवणारा नियम असा हवा: निर्णय चुकला तर परत फिरवायला किती खर्च? मेनूतला शब्द पुढच्या आवृत्तीत बदलता येतो; त्यावर एकानं निर्णय घ्यावा आणि सहा महिन्यांनी वापरणाऱ्यांना विचारून पुन्हा पाहावा. फायलींची साठवण बदलली तर लाखो लोकांची जुनी कागदपत्रं उघडायची बंद होतील. तिथं हवा तितका वेळ घ्या.

### 'छोट्या गोष्टींवर बोलायचंच नाही का?'

काही छोट्या गोष्टी यंत्राकडे सोपवता येतात. कोड लिहिताना ओळीआधी मोकळी जागा टॅबनं सोडायची की स्पेसनं, हा प्रोग्रॅमरांचा जुना शेडवाद. गो या भाषेनं 'गोफम्ट' नावाचं अवजारच सोबत दिलं: लिहा कसंही, ते टॅब घालून एकाच साच्यात बसवून देतं. तो साचा कुणालाच फारसा आवडत नाही. गो वापरणारे टॅबवर भांडतही नाहीत.

आणि काही वेळा शेडच्या गोंगाटात एक खरा खिळा सापडतो. १९९९ च्या त्या अर्ध्या सेकंदामागे एक रास्त अडचण होतीच: प्रणालींमध्ये देवाणघेवाण सोपी व्हावी म्हणून ठरलेल्या सामाईक नियमांनुसार 'स्लीप' फक्त पूर्ण सेकंद घेते, त्यामुळे अर्धा सेकंद वापरून लिहिलेलं काम दुसऱ्या प्रणालीवर अडेल. आज फ्रीबीएसडीत 'स्लीप' ०.५ मुकाट्यानं घेते. तिच्या माहितीपुस्तिकेत मात्र इशारा आहे की ही सोय सगळीकडे चालत नाही, आणि ती वापरली तर तुमचं काम इतर प्रणालींवर नीट चालणार नाही हे जवळपास नक्की समजा.